भरतीशी शर्यत जिंकणारा चुना

बांधकामाच्या ठिकाणी रचलेल्या सिमेंटच्या गोण्यांवर 'पोर्टलँड पोझोलाना' ही अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. यातील पोझोलाना म्हणजे मुळात इटलीतील ज्वालामुखीची राख. रोमन गवंड्यांना तिचे मोल ठाऊक होते. आधुनिक अभियांत्रिकीत तिला मान मिळवून दिला तो जॉन स्मीटन यांनी.

८ जून १७२४ रोजी इंग्लंडमध्ये लीड्सजवळील ऑस्थॉर्प येथे एका वकिलाच्या घरी स्मीटन यांचा जन्म झाला. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला खरा. पण त्यांचे मन यंत्रांत रमलेले होते. लंडनमध्ये त्यांनी शास्त्रीय उपकरणे बनविण्याचा व्यवसाय थाटला आणि १७५३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

त्यांची खरी कसोटी लागली ती एडिस्टनच्या खडकावर. प्लिमथपासून सुमारे २२ किलोमीटरवर, भर समुद्रातील या खडकावरचा पहिला दीपस्तंभ १७०३ च्या वादळात वाहून गेला होता. नंतरचा लाकडी दीपस्तंभ १७५५ मध्ये जळाला. स्मीटन यांनी दगडी दीपस्तंभ उभारण्याचे ठरविले. एकमेकांत अडकणारे दगड घडविता येत होते. अडचण होती ती सांध्यांतील चुन्याची. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, पाण्याखाली तर होतच नाही. आणि येथे पुढची भरती अवघ्या काही तासांवर!

स्मीटन यांनी ठिकठिकाणचे चुनखडक मागविले. चुन्याचे गोळे वळून पाण्यात ठेवायचे व कोणता टिकतो ते पाहायचे, अशी त्यांची साधी पद्धत होती. दगड जितका कठीण तितका चुना पक्का, हा जुना समज या प्रयोगांत खोटा ठरला. आम्लात विरघळविल्यावर ज्या दगडातून चिकणमाती मागे उरते, त्याचाच चुना पाण्यात घट्ट होतो, असे त्यांना आढळले. अखेर वेल्समधील ॲबरथॉचा चुना आणि पोझोलाना समप्रमाणात मिसळून त्यांनी मिश्रण सिद्ध केले. राखेतील सिलिका चुन्याशी संयोग पावते व त्यासाठी हवेची गरज नसते, हे रसायनशास्त्र तेव्हा कोणालाच अवगत नव्हते. आज औष्णिक वीज केंद्रांतील राख सिमेंटमध्ये हेच काम करते. शिवाय तिच्या गोल कणांमुळे ओले काँक्रीट सहज पसरते.

१२ जून १७५७ रोजी पहिला दगड बसला आणि १६ ऑक्टोबर १७५९ रोजी दीपस्तंभावर २४ मेणबत्त्या उजळल्या. पुढे पूल, कालवे, बंदरे अशी असंख्य कामे स्मीटन यांच्या हातून झाली. एडिस्टनच्या बांधकामाचा सविस्तर वृत्तांत मात्र १७९१ मध्ये, म्हणजे तीन दशकांनी प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १७९२ रोजी त्यांचे निधन झाले.

१८७७ मध्ये दीपस्तंभ हलविण्याची वेळ आली. पण खचत होता तो खालचा खडक, बांधकाम नव्हे. वरचा भाग उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा उभारण्यात आला. तळाचा बुंधा अजूनही लाटा झेलत समुद्रात उभा आहे.