भुशाला मोल देणारे बेकलंड

कुकरची काळी मूठ, जुन्या घरांतली विजेची काळी बटणे किंवा काळा जड टेलिफोन आठवून पाहा. हे सारे ज्या बॅकेलाइटचे, त्याचे जनक लिओ बेकलंड. त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील गेंट शहरात एका चांभाराच्या घरी झाला. १८८४ साली गेंट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून काही काळ त्यांनी अध्यापन केले आणि १८८९ मध्ये ते अमेरिकेत आले. तेथे त्यांनी ‘वेलॉक्स’ हा छायाचित्रणाचा कागद तयार केला. १८९९ मध्ये तो व्यवसाय जॉर्ज ईस्टमन यांना विकल्यावर त्यांना पैशांची चिंता उरली नाही. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समधील घरीच त्यांनी प्रयोगशाळा थाटली.

विजेचा प्रसार वाढत होता आणि विद्युतरोधक म्हणून शेलॅकला मोठी मागणी होती. लाखेच्या किड्यांपासून मिळणारे हे शेलॅक प्रामुख्याने भारतातून जाई आणि महाग पडे. त्याला पर्याय शोधताना बेकलंड फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या अभिक्रियेकडे वळले. फिनॉल मिळे ते दगडी कोळशापासून कोक बनवताना उरणाऱ्या डांबरातून. या दोन रसायनांतून तयार होणारा चिकट गोळा आधीच्या रसायनशास्त्रज्ञांनी निरुपयोगी म्हणून टाकून दिला होता. बेकलंड यांनी उष्णता आणि दाब यांवर नेमके नियंत्रण ठेवून त्यातूनच कठीण राळ घडवली. १९०७ मध्ये त्यांनी या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०९ मध्ये हा शोध जाहीर केला.

मात्र नुसती राळ ठिसूळ होती. घट्ट होताना ती आकसे आणि तडकेही. बेकलंड यांनी तिच्यात लाकडाचे पीठ, म्हणजे अगदी बारीक दळलेला भुसा मिसळला. त्यामुळे आकसणे कमी झाले, वस्तूला चिवटपणा आला आणि खर्चही उतरला. लाकूड कारखान्यांत साचणाऱ्या भुशाला असे मोल आले.

या भरणपदार्थाला मर्यादाही होती. उन्हापावसात राहिलेल्या बॅकेलाइटवरचा राळेचा पातळ थर झिजतो, चकाकी जाते आणि आतले लाकडाचे पीठ उघडे पडते. ते पाणी शोषून फुगते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून दमट किंवा उष्ण जागांसाठी अभ्रक, अ‍ॅस्बेस्टॉस अशी खनिजे भरली जाऊ लागली. त्यांपैकी अ‍ॅस्बेस्टॉस उष्णता उत्तम सोसत असे, पण मिश्रण करताना, कापताना, घासताना उडणारे त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जात. या तंतूंमुळे अ‍ॅस्बेस्टॉसिस आणि कर्करोग होतो, हे पुढे निर्विवाद सिद्ध झाले. लक्षणे दिसायला अनेकदा काही दशके जातात, त्यामुळे किंमत उशिरा कळली आणि ती कामगारांनी मोजली.

बेकलंड यांनी १९३९ मध्ये आपली कंपनी युनियन कार्बाइडला विकली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी, वयाच्या ८०व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज औष्णिक वीज केंद्रांतील राख प्लास्टिकमध्ये भरली जाते. राखेचे कण लाकडासारखे पाण्याने फुगत नाहीत, हा तिचा फायदा. पण तिची बारीक धूळही फुप्फुसांना सोसणारी नाही. टाकाऊ पदार्थ उन्हापावसात टिकतो का, एवढेच तपासून भागणार नाही. तो हाताळणाऱ्याचा श्वास शाबूत राहतो का, हेही आधीच पाहायला हवे.