कलकत्त्याची ती लहानशी खोली

प्रयोगशाळेंत उपकरणें अपुरीं आहेत, अशी तक्रार ऐकली कीं आम्हांस जगदीशचंद्र बसूंचें स्मरण होतें.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजीं बंगालमध्यें झाला. वडील सरकारी अधिकारी. तरी त्यांनीं मुलास प्रथम बंगाली शाळेंतच घातलें, व तेथें तो कोळ्याच्या मुलाशेजारीं बसून शिकला. पुढें कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर लाफों ह्यांनीं त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लाविली. केंब्रिजमध्यें लॉर्ड रॅले गुरु लाभले.

१८८५ सालीं ते प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्राध्यापक झाले. तेथें हिंदी प्राध्यापकास युरोपियनापेक्षां कमी वेतन असे. बसूंनीं ना राजीनामा दिला, ना शिकविण्यांत कसूर केली. मात्र तीन वर्षें त्या वेतनास हात लाविला नाहीं. घरीं तर वडिलांच्या कर्जाचा बोजा! अखेर पूर्ण वेतन मागील बाकीसह मिळालें.

संशोधनास जागा मिळाली ती स्नानगृहालगतची, अवघी २४ चौरस फुटांची. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ ह्यांनीं विद्युल्लहरी सिद्ध केल्या होत्या. परंतु लहर लांब असली म्हणजे तिच्यासाठीं आरसे व लोलकहि प्रचंड लागतात. बसूंनीं लहरच आंखूड केली, ती सुमारें ५ मिलिमीटरपर्यंत. मग सारें साहित्य मेजावर मावलें. तें घडविलें पत्र्याचें काम करणाऱ्या एका साध्या कारागिराच्या मदतीनें. आगगाडीच्या वेळापत्रकाच्या पानांपानांमध्यें कथलाचा वर्ख घालून त्यांनीं लहरींच्या आंदोलनाची दिशा पारखली. पिळलेल्या तागाच्या जुडीतून लहर सोडली, तेव्हां पिळाप्रमाणें ती दिशा उजवीडावीकडे वळली. तागाचा असा उपयोग आम्हांस तरी कधीं सुचला नसता!

१८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें त्यांनीं भिंतीपलीकडे लहर पाठवून घंटा वाजविली व दारू उडविली. १८९७ च्या जानेवारींत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांचें व्याख्यान झालें. शोधाचा व्यापार त्यांस रुचत नसे. मित्रांच्या आग्रहानें १९०४ सालीं अमेरिकेंत एक पेटंट निघालें खरें, पण त्यापासून द्रव्य मिळविण्याची खटपट त्यांनीं केली नाहीं. ही उदासीनता योग्य होती काय, ह्याविषयीं आमच्या शिक्षकवर्गांतच मतभेद आहे.

नंतर त्यांचें लक्ष वनस्पतींकडे वळलें, आणि आंखूड लहरी बरीच वर्षें मागें पडल्या. दुसऱ्या महायुद्धांत रडारमुळें त्यांची पुन्हां गरज पडली. तोंवर २३ नोव्हेंबर १९३७ रोजीं बसू गिरिडीह येथें निवर्तले होते. त्यांनीं १९१७ सालीं कलकत्त्यांत स्थापिलेल्या संस्थेंत तीं मेजावरचीं उपकरणें जपून ठेविलेलीं आहेत.