बाबा आमटेंना बसता येत नव्हतं, तरी ते कन्याकुमारीहून काश्मीरला निघाले

लातूर असो की नांदेड, फिजिओथेरपीच्या पोरांना सुरुवातीलाच पाठ करावं लागतं ते मणक्याचं गणित. मानेचे 7, छातीचे 12, कंबरेचे 5, मग जोडलं गेलेलं त्रिकास्थी आणि शेवटी माकडहाड. हे गणित बिघडल्यावर माणूस कसा जगतो, हे बघायचं तर आनंदवनाच्या बाबा आमटेंकडे बघावं लागतं.

बाबांचा जन्म 26 डिसेंबर 1914 चा, हिंगणघाटचा. घरची जमीनदारी, शिकारीचा नाद, वकिलीची पदवी. पण वरोऱ्यात कुष्ठरोगानं झडत चाललेला तुळशीराम दिसला आणि बाबा घाबरले. त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. मग कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं आणि साधनाताईंसोबत वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं केलं. विहिरी खोदणं, दगड फोडणं, सगळं रुग्णांच्या बरोबरीनं.

पुढं त्यांच्या मानेचे आणि कंबरेचे मणके झिजत गेले. डॉक्टरी भाषेत स्पॉन्डिलोसिस. मान वळवण्याचं जवळपास अर्धं काम वरचे दोनच मणके करतात. कंबरेचे पाच पुढं-मागं छान वाकतात, पण पीळ घ्यायला कच्चे, आणि अंगाचा भार मात्र त्यांच्यावरच जास्त. दोन मणक्यांमध्ये चकती असते. तिच्या आतला गर मऊ, भोवतीचं कडं चिवट. मोठ्या माणसाच्या चकतीला थेट रक्तपुरवठा जवळपास नसतोच, म्हणून ती एकदा झिजली की भरून येणं अवघड. चकती खचली, हाडाला टोकं फुटली की शेजारून जाणारी नस दाबली जाते.

बाबांची गत अशी झाली की त्यांना उभं राहता यायचं, आडवं पडता यायचं, पण बसता येत नव्हतं. ऐकायला विचित्र वाटतं, कारण दमलेला माणूस आधी बसायला जागा शोधतो. पण स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात चकतीत सुई घालून दाब मोजला होता. आडवं पडल्यावर तो सगळ्यात कमी आणि पुढं झुकून बसल्यावर उभं राहण्यापेक्षा जास्त निघाला. बसलं की कंबरेची नैसर्गिक कमान सपाट होते, हे त्यामागचं एक कारण.

आता अशा माणसानं घरी पडून राहिलं असतं तर कोण काय बोललं असतं?

पण पंजाब पेटलेला होता. डिसेंबर 1985 मध्ये सत्तरी ओलांडलेले बाबा कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान घेऊन निघाले. तरुण पोरं-पोरी सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे. गाव आलं की उतरायचं, उभं राहून बोलायचं, पुन्हा आडवं व्हायचं. असं करत काश्मीर गाठलं. 1988 ला दुसरी फेरी, इटानगर ते ओखा.

तेवढ्यावर थांबतील ते बाबा कसले! 1990 मध्ये आनंदवन सोडून ते बडवानीजवळ नर्मदेकाठी राहायला गेले, धरणात बुडणाऱ्या गावांसोबत. जवळपास दहा वर्षं तिथंच.

9 फेब्रुवारी 2008 ला आनंदवनात ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणं दहन झालं नाही, आनंदवनाच्याच मातीत त्यांना पुरलं.