मजुरी स्वस्त कोणी केली? : सर आर्थर लुईस यांचा शोध

बाबासाहेबांनी १९२३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. मिळवली, हे आपल्या वस्तीतले शाळकरी पोरही सांगते. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी त्याच संस्थेत अठरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा शिकायला आला. त्याची गोष्ट मात्र आपल्या व्यासपीठांवर फारशी ऐकू येत नाही.

विल्यम आर्थर लुईस. जन्म २३ जानेवारी १९१५, कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया या इंग्रजांच्या वसाहतीत. आईवडील शिक्षक. तो सात वर्षांचा असताना वडील गेले आणि आईने पाच मुले एकटीने वाढवली. चौदाव्या वर्षी शाळा संपवून तो सरकारी कचेरीत कारकून झाला. पुढे शिष्यवृत्ती मिळाली. व्हायचे होते इंजिनिअर. पण काळ्या इंजिनिअरला ना सरकार नोकरी देणार, ना गोऱ्यांच्या कंपन्या. म्हणून त्याने वाणिज्य शाखा धरली. (असा हिशोब करून विषय निवडणारी मुले आपल्याकडे घरोघर सापडतील.) १९३७ मध्ये प्रथम वर्गात पदवी, १९३८ मध्ये त्याच संस्थेतील पहिला कृष्णवर्णीय अध्यापक आणि १९४८ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मँचेस्टरला प्राध्यापक!

एक देश श्रीमंत का होतो आणि दुसरा गरीब का राहतो? हवामान, वंश, आळस अशी उत्तरे गोऱ्या विद्वानांकडे तयारच होती. लुईस यांना वेगळे उत्तर सुचले ते १९५२ च्या ऑगस्टमध्ये, बँकॉकच्या रस्त्याने चालताना. १९५४ च्या निबंधात त्यांनी ते मांडले. गरीब देशात शेतीवर गरजेपेक्षा जास्त हात पडून असतात. कारखानदार त्यांना शेतातल्या मिळकतीपेक्षा थोडे जास्त देतो आणि उरलेला नफा पुन्हा गुंतवतो. उत्पन्नाच्या चार-पाच टक्के बचत करणारा देश बारा-पंधरा टक्क्यांवर गेला की वाढ सुरू होते. पण जादा हात संपेपर्यंत मजुरी वर चढत नाही.

म्हणजे कारखान्यातली मजुरी ठरते शेतात! १९०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एकरी १६०० पौंड गहू निघे, तर उष्ण कटिबंधात एकरी ७०० पौंड धान्य. त्या काळात सुमारे पाच कोटी युरोपियन अमेरिका-ऑस्ट्रेलियाकडे गेले आणि जवळपास तितकेच भारतीय व चिनी मळ्यांवर व खाणींत गेले. गोऱ्याने मजुरी मागितली ती युरोपातल्या शेताच्या भावाने, गिरमिटियाला मिळाली ती इथल्या शेताच्या भावाने. शिवाय गोऱ्यांच्या देशांनी त्याला दार बंद केले. म्हणून पोलाद महाग, साखर आणि चहा स्वस्त. यात वंशाचा काय संबंध? लुईस यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली : मजूर स्वस्त राहावा यातच मळेवाल्याचे हित असते, म्हणून तो लोकांची जमीन काढून घेतो आणि त्यांच्यापर्यंत सुधारित शेतीचे ज्ञान पोहोचू देत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच, लहान शेतजमिनींवरील निबंधात, शेतीवरच्या रिकाम्या हातांचा रोग ओळखून औद्योगिकीकरण हा उपाय सांगितला होता. लुईस यांनी तो निबंध वाचला होता असा दावा मी करत नाही. वकिलाने पुराव्याबाहेर बोलू नये. पण लुईस यांच्या मांडणीत एक जागा रिकामी आहे, आणि ती आपल्याला दिसलीच पाहिजे. त्यांचा मजूर शेतातून कारखान्यात मोकळा जातो. आपल्याकडे तसे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. ज्यांनी स्वतः रंगापायी इंजिनिअरिंग सोडले, त्यांच्या गणितात ही भिंत यायला हवी होती, असे मला वाटते.

१९५७ मध्ये स्वतंत्र घानाचे ते आर्थिक सल्लागार झाले. आधी अन्नधान्याची शेती सुधारा, हा त्यांचा जुना आग्रह. क्वामे एन्क्रुमांना भव्य प्रकल्प हवे होते. १९५८ च्या अखेरीस लुईस यांनी घाना सोडले. पुढे वेस्ट इंडीज विद्यापीठाचे प्रमुखपद, प्रिन्स्टनमध्ये वीस वर्षे अध्यापन आणि १९७९ मध्ये थिओडोर शुल्त्झ यांच्यासोबत नोबेल. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय.

१५ जून १९९१ रोजी बार्बाडोसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना सेंट लुसियात, त्यांच्याच नावाच्या महाविद्यालयाच्या आवारात पुरले आहे.