बीट्रिस टिन्स्ली : दीर्घिकांचे वय ओळखणारी खगोलशास्त्रज्ञ

रात्री डोंगरावरून एखादं गाव बघितलंय ना? चौकातले हॅलोजन लगेच दिसतात, घराघरातले झिरोचे बल्ब दिसत नाहीत. दीर्घिकांचंही तसंच. मोठे तारे झगमगतात, पण काही कोटी वर्षांतच संपतात. लहान लाल तारे संख्येने कितीतरी जास्त, पण उजेड अगदी मंद. मग नव्याने जन्मणाऱ्या ताऱ्यांत मोठे किती, लहान किती? एडविन सालपीटर यांनी १९५५ मध्ये सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांवरून हे प्रमाण काढलं. त्यावरून संपूर्ण दीर्घिकेचं आयुष्य मांडून दाखवलं ते बीट्रिस टिन्स्ली यांनी.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १९४१ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. बालपण न्यूझीलंडमध्ये गेलं. लग्नानंतर पतीच्या नोकरीमुळे १९६३ मध्ये त्या अमेरिकेत डलासला आल्या. तिथून सुमारे ३०० किलोमीटरवरच्या ऑस्टिनला ये-जा करत त्यांनी १९६६ मध्ये पीएच.डी. मिळवली.

तेव्हा मोठे शास्त्रज्ञ दूरच्या दीर्घिकांची चमक कायम सारखीच राहते असं धरून विश्वाचं गणित मांडत होते. टिन्स्ली म्हणाल्या, तारे म्हातारे होतात, म्हणजे दीर्घिकाही मंदावते. किती वेगाने? ते लहान-मोठ्या ताऱ्यांच्या प्रमाणावर ठरतं. जेम्स गन यांच्यासोबत १९७६ मध्ये त्यांनी हे गणित लंबगोल दीर्घिकांसाठी केलं.

घरी दोन दत्तक मुलं होती. डलासमध्ये मनासारखं काम मिळेना. १९७४ मध्ये घटस्फोट झाला. मुलं वडिलांकडे राहिली आणि त्या येल विद्यापीठात गेल्या. हा निर्णय सोपा नव्हता. १९७८ मध्ये त्या तिथे प्राध्यापक झाल्या आणि त्याच वर्षी कॅन्सरचं निदान झालं. उजवा हात चालेना, तेव्हा शेवटचा शोधनिबंध त्यांनी डाव्या हाताने लिहिला. २३ मार्च १९८१ रोजी, अवघ्या ४० व्या वर्षी, त्या गेल्या.

पुढे २०१० मध्ये येलच्याच पीटर व्हॅन डॉकम यांनी चार्ली कॉनरॉय यांच्यासोबत मोठ्या लंबगोल दीर्घिकांचा प्रकाश तपासला. तिथे लहान ताऱ्यांचं प्रमाण आपल्या आकाशगंगेपेक्षा जास्त असल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे हे प्रमाण सगळीकडे एकच नसावं! त्यावर अजूनही संशोधन चालू आहे.

मुलांना हे जरूर सांगा. आणि एक प्रश्न विचारा : जे डोळ्यांना दिसत नाही, ते मोजायचं कसं?