रॉबर्ट हुक

रॉबर्ट हुक (१८ जुलै १६३५ – ३ मार्च १७०३) हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ, उपकरणकार व वास्तुरचनाकार होते. स्प्रिंगच्या ताणाविषयीचा हुकचा नियम आणि पेशीला दिलेले 'सेल' हे नाव यांमुळे ते विद्यार्थ्यांना परिचित आहेत. ट्रक, जीप व ट्रॅक्टर यांमध्ये वापरला जाणारा युनिव्हर्सल जॉइंट (सार्वत्रिक सांधा) हा देखील 'हुकचा सांधा' म्हणून ओळखला जातो. या सांध्याच्या गतीतील उणीव त्यांनी शोधून काढली व तिच्यावरील उपायही सुचविला.

बालपण व शिक्षण

हुक यांचा जन्म आइल ऑफ वाइट या बेटावरील फ्रेशवॉटर गावी झाला. त्यांचे वडील जॉन हुक हे तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. प्रकृती नाजूक असल्याने रॉबर्ट यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. एक जुने पितळी घड्याळ सुटे केलेले पाहून त्यांनी तसेच लाकडी घड्याळ बनविले व ते चालवून दाखविले. १६४८ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर ते लंडनला आले. पीटर लेली या चित्रकाराकडे काही काळ उमेदवारी केल्यानंतर त्यांनी वेस्टमिन्स्टर शाळेत प्रवेश घेतला. १६५३ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तेथे रॉबर्ट बॉइल यांचे साहाय्यक असताना त्यांनी हवेचा पंप तयार केला. बॉइल यांचे हवेवरील प्रसिद्ध प्रयोग याच पंपाच्या साहाय्याने झाले.

रॉयल सोसायटीतील कार्य

१६६२ मध्ये रॉयल सोसायटीने हुक यांना प्रयोगांचे व्यवस्थापक नेमले. संस्थेच्या सभांमध्ये नवनवे प्रयोग करून दाखविणे ही त्यांची जबाबदारी होती. १६६५ मध्ये ते ग्रेशम कॉलेजात भूमितीचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी सूक्ष्मदर्शकातून केलेल्या निरीक्षणांवरील त्यांचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनच्या पुनर्बांधणीत त्यांनी सर्वेक्षक म्हणून काम केले. क्रिस्टोफर रेन हे या कामातील त्यांचे सहकारी होते.

युनिव्हर्सल जॉइंट

एकमेकांशी कोन करून असलेल्या दोन दांड्यांमध्ये फिरती गती पोहोचविणारा सांधा हुक यांच्या आधीही ठाऊक होता. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान जिरोलामो कार्दानो यांच्या नावावरून युरोपात त्याला 'कार्डन' म्हणतात. गास्पार शॉट यांनी १६६४ मध्ये हा सांधा एकसारख्या वेगाने फिरतो, असे लिहिले होते. हुक यांनी अभ्यासाअंती हे मत चुकीचे ठरविले. पहिला दांडा एकसारख्या वेगाने फिरत असला, तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद होतो. दांड्यांमधील कोन ३० अंश असल्यास दुसऱ्या दांड्याचा वेग पहिल्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो व सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. ही असमान गती छायायंत्रावरील सावलीच्या सरकण्याशी जुळते, हेही हुक यांच्या लक्षात आले. सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांविषयी १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात 'युनिव्हर्सल जॉइंट' हे नाव प्रथम आढळते. पुढे १६८३ मध्ये त्यांनी मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा बसवून ही असमानता घालविण्याची रचना सुचविली.

वाहनांतील उपयोग व दुरुस्ती

गिअरबॉक्सची गती मागील चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना हाच सांधा असतो. जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या शेतीप्रधान गावांत ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर चालविणाऱ्या शाफ्टमध्येही तो दिसतो. सांध्याच्या मध्यभागी असलेल्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या भागाला कारागीर 'क्रॉस' म्हणतात. ग्रीस संपल्यास त्याच्या टोकांवरील सुईसारख्या रोलरांचे बेअरिंग झिजते आणि गाडी निघताना खटका ऐकू येतो.

घरी क्रॉस बदलताना गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावणे आवश्यक असते. शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवूनही मागची चाके अडत नाहीत. शाफ्ट सोडविण्यापूर्वी दोन्ही जोडांवर खुणा करतात. मग सर्क्लिप काढून बेअरिंगच्या वाट्या दाबून बाहेर घेतात व नवा क्रॉस बसवितात. शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकणारे असल्यास जोडणीच्या वेळी दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत यावे लागतात. तसे न झाल्यास एका सांध्याची असमानता दुसऱ्याने भरून निघत नाही आणि नवा क्रॉस असूनही गाडी थरथरते. हुक यांनी सुचविलेल्या दुहेरी रचनेचे तत्त्व या खुणांमागे आहे.

वाद व अखेरचा काळ

प्रकाशाच्या स्वरूपाविषयी १६७२ मध्ये हुक व आयझॅक न्यूटन यांच्यात मतभेद झाले. गुरुत्वाकर्षणातील व्यस्त वर्गाच्या नियमाचे श्रेय १६८६ मध्ये हुक यांनी मागितल्यावर हा वाद विकोपाला गेला. अखेरच्या वर्षांत त्यांची प्रकृती ढासळली व दृष्टीही मंदावली. १७०३ मध्ये ग्रेशम कॉलेजातील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. हुक यांचे निर्विवादपणे अस्सल मानले जाणारे एकही समकालीन चित्र आज उपलब्ध नाही. त्यांच्या हयातीत मोटार नव्हती. परंतु त्यांनी मांडलेली सांध्याची भूमिती आजही प्रोपेलर शाफ्टच्या रचनेत वापरली जाते.