सयाजी ऊ बा खिन



बोरीवलीजवळ गोराईचा सोनेरी पॅगोडा तुम्ही मुलाबाळांसह पाहिला असेल. तो ज्यांच्या ऋणाचे स्मरण म्हणून उभा आहे, त्या सयाजी ऊ बा खिन यांचे चरित्र आज ऐका.

त्यांचा जन्म ६ मार्च १८९९ रोजी रंगूनमध्ये एका कष्टकरी घरात झाला. ते भिक्खू नव्हते. तुमच्यासारखेच संसारी, नोकरदार गृहस्थ होते. अकौंटंट जनरलच्या कचेरीत ते कारकून म्हणून लागले. १९३७ साली सया तैजी या शेतकरी आचार्यांकडे विपश्यना शिकले. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते देशाचे पहिले महालेखापाल झाले. १९५२ साली त्यांनी रंगूनला ध्यानकेंद्र काढले.

१९५५ साली सत्यनारायण गोएंका हे व्यापारी त्यांच्याकडे गेले. अर्धशिशीने ते बेजार झाले होते. मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. सयाजींनी प्रथम नकारच दिला. डोकेदुखी घालवण्यासाठी धम्म शिकायचा नसतो, चित्तशुद्धीसाठी यायचे असेल तर या, असे त्यांचे म्हणणे. गोएंकाजी त्या अटीवर बसले. पुढे दुखणेही गेले, पण तो वरचा लाभ.

ध्यानात कोणाला प्रकाश दिसतो, कोणाला देह विरघळल्यासारखा वाटतो. बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात असा प्रकाश विपश्यनेच्या उपक्लेशांत मोजला आहे. तो येतो आणि जातो. त्याला धरून बसणे हीच तृष्णा. मनाचा डॉक्टरही अशा अनुभवाने दिपत नाही. त्यानंतर माणूस झोपतो का, जेवतो का, कामावर जातो का, घरच्यांशी नीट वागतो का, हे तो विचारतो.

तुम्ही अंगात येणे, भगत, अंगारे-धुपारे सोडून धम्मात आलात. आता ध्यानात दिसलेल्या प्रकाशाचा नवा देव करू नका. राग कमी झाला का, दारू सुटली का, घरातल्या बाईचा मान वाढला का, हे पाहा. आणि घरात कोणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, कोणाची झोप उडाली असेल, तर त्याला शिबिरात पाठवू नका. आधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. शिबिराच्या अर्जात आजार लपवू नका. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिरात बसू नये, असे तेथेही सांगतात. डॉक्टरकडे जाण्यात धम्माला कमीपणा नाही.

सयाजींना स्वतः भारतात येता आले नाही. जुलै १९६९ मध्ये गोएंकाजींनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९ जानेवारी १९७१ रोजी सयाजींचे निधन झाले. पुढच्या वेळी गोराईला जाल तेव्हा मुलांना या कारकुनाची गोष्ट सांगा.

जय भीम.